निर्जन रस्त्याचा बेत: किलोमीटर बाजूला ठेवा, तास आणि लिटर मोजा

रानावनातून जाणाऱ्या रस्त्याचा बेत पहिल्यांदा फसतो तो नकाशावर. ॲप २४० किलोमीटरला साडेचार तास दाखवतं. खडी, ओढे आणि वळणं असली की सरासरी ताशी २५-३० च्या वर क्वचितच जाते, म्हणजे नुसतं चालवणंच आठ ते साडेनऊ तास. त्यात जागोजागी थांबायलाच तर आपण निघालेलो असतो! म्हणून कच्च्या रस्त्याचे दिवसाला १५० किलोमीटर पुष्कळ झाले. मुक्कामाला सूर्यास्ताच्या दोन तास आधी पोहोचायचं ठरवा आणि तिथून उलटं मोजत निघायची वेळ काढा. तिन्हीसांजेला जनावरं रस्त्यावर येतात, आणि पश्चिमेकडे जात असाल तर धुळकट काचेवर तिरपं ऊन पडून समोरचा खड्डाही दिसत नाही.

वाटेत बर्फाच्या पाण्याचे ओढे असतील तर ते सकाळीच ओलांडावेत. दुपारच्या उन्हाने बर्फ वितळून तोच ओढा दुप्पट फुगतो. वाहतं पाणी फूटभर खोल असलं तरी लहान गाडी तरंगू शकते, त्यामुळे खोलीचा अंदाज येत नसेल तर गाडी घालू नका. पार झाल्यावर हलके ब्रेक दाबून ते कोरडे करून घ्या.

आता इंधन. महामार्गावर लिटरला १५ देणारी गाडी सामान भरून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये १० देईल असं धरा. दोन पंपांमध्ये ३८० किलोमीटर असतील तर ३८ लिटर लागतील. त्यावर एक तृतीयांश राखीव, म्हणजे साधारण ५१. टाकी ४५ लिटरची असेल तर दहा लिटरचा कॅन हवाच. तो इंधनासाठीच बनवलेला असावा, काठोकाठ भरू नये आणि भरताना जमिनीवर ठेवावा. गाडीत ठेवून भरला तर स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. दुसरी गोष्ट: पुढची वाट खुली आहे याची खात्री नसेल तर अर्धं इंधन संपायच्या आत मागे फिरा. दरड कोसळलेली असेल तर आलेला सगळा रस्ता पुन्हा कापावा लागतो, आणि हे गणित बहुतेक जण विसरतात.

सगळ्यात जास्त दगा टायर देतात. खडीवर नेहमीच्या ३३ पीएसआयऐवजी २६ च्या आसपास हवा ठेवली की टायर दगडावर आपटण्याऐवजी दबतो. मात्र वेग कमी ठेवायचा, आणि डांबरी रस्ता लागताच पुन्हा हवा भरायची, नाहीतर टायर तापून फुटतो. त्यासाठी बारा व्होल्टचा कंप्रेसर सोबत हवा. ट्यूबलेसच्या पंक्चर किटने खिळ्याचं भोक बुजतं, पण बाजूची भिंत चिरली तर काहीच उपयोग नाही. तिथे पूर्ण आकाराची स्टेपनीच कामाला येते. प्रवासाला निघण्याआधीच तिच्यातली हवा तपासा. जॅकखाली घालायला फूटभर लांबी-रुंदीची जाड फळी ठेवा, कारण भुसभुशीत जमिनीत जॅक रुततो. नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे, आणि चाक बदलल्यावर ५० किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे.

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला निदान चार लिटर, आणि वर दोन दिवसांचा साठा. एकाच मोठ्या कॅनऐवजी तीन-चार भांड्यांत वाटून ठेवा. एक फुटलं तरी बाकीचं उरतं. गाडी बंद पडली तर तिला सोडून चालत सुटू नका. शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते.

रेंज नसली तरी फोनचं जीपीएस चालतं, फक्त नकाशा आधी उतरवून ठेवलेला हवा. फोन विमान मोडमध्ये टाकून नकाशा चालतो का ते पाहा. सोबत कागदी नकाशाही घ्या. सॅटेलाइट फोन नेणार असाल तर त्या देशात परवानगी लागते का, हे आधीच बघा.

शेवटी, घरच्या एका माणसाकडे मार्ग, मुक्काम, गाडीचा नंबर आणि एक ठरलेली वेळ लिहून ठेवा: अमुक दिवशी रात्री नऊपर्यंत फोन आला नाही, तर कोणाला कळवायचं. रेंज आली की पहिला फोन त्याच माणसाला करा.