पायाखालचा पाट

सात महिन्यांची लेक नाचणीचं सत्त्व जिभेनं बाहेर ढकलते, म्हणून आठवडाभर जीव टांगणीला लागला होता. आज थेरपिस्ट ताईंनी आधी तोंड नाही, पाय बघितले. खुर्चीत नुसते लोंबकळत होते! धड डुगडुगत असेल तर बाळाची सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते, मग जबडा आणि जीभ नीट चालणार कशी? मान धरणं, आधारानं बसणं याचा घास गिळण्याशी इतका संबंध असतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. घरी आल्यावर कमरेशी दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावल्या, पायाखाली सासूबाईंचा पाट सरकवला. पावलं टेकली, मान सरळ झाली आणि चमचा दिसताच तिनं स्वतःहून तोंड उघडलं. पाच चमचे गेले पोटात! उद्यापासून पालथं खेळवणंही वाढवायचंय, मान-खांद्यांसाठी.