फाइल सर्व्हरवरची कागदपत्रं इंट्रानेटवर देताना

रजेचा फॉर्म, दरपत्रक, ड्रॉइंग्ज यांच्या लिंक इंट्रानेटच्या पानावर हव्या असतात आणि मूळ फाइली असतात विंडोज फाइल सर्व्हरवर. पहिला प्रयत्न सगळीकडे सारखाच: शेअरचा (नेटवर्कवर सर्वांसाठी उघडलेल्या फोल्डरचा) पत्ता उचलून लिंकमध्ये टाकायचा. क्लिक केलं की काहीच घडत नाही. एफ१२ दाबून कन्सोल उघडला तर एक लाल ओळ दिसते, 'नॉट अलाउड टू लोड लोकल रिसोर्स'. क्रोम, एज, फायरफॉक्स तिघंही वेबपानावरून फाइल-लिंक उघडू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. नाहीतर कुठलीही साइट तुमच्या मशीनला हव्या त्या सर्व्हरकडे लॉगिन करायला लावेल.

ऑफिसात सगळे एज वापरत असतील तर ग्रुप पॉलिसीत (सगळ्या मशीनांना एकाच जागेवरून लागू होणाऱ्या सेटिंग्जमध्ये) 'इंट्रानेट फाइल लिंक्स एनेबल्ड' ही पॉलिसी चालू करा. पान एचटीटीपीएसवर हवं, आणि साइट व फाइल सर्व्हर दोन्ही विंडोजच्या लोकल इंट्रानेट झोनमध्ये, म्हणजे ऑफिसातल्या विश्वासू साइट्सच्या यादीत हवेत. मग क्लिकवर थेट एक्सप्लोरर उघडतो. ज्या फाइलींत बदल करायचे असतात त्यांच्यासाठी हाच रस्ता ठेवा. एचटीटीपीवरून उतरलेली एक्सेल शीट डाउनलोड्समध्ये जाते. माणूस तिथेच आकडे बदलतो, सेव्ह करतो, आणि सर्व्हरवरची शीट जुनीच राहते. लिंकमध्ये 'एच ड्राइव्ह' कधीच लिहू नका, प्रत्येकाच्या मशीनवर ते अक्षर वेगळं असू शकतं. डीएफएस नेमस्पेसचं (खऱ्या सर्व्हरऐवजी वापरायच्या कायम पत्त्याचं) नाव वापरलं तर उद्या सर्व्हर बदलला तरी लिंक तुटत नाहीत.

फक्त वाचायची कागदपत्रं असतील तर आयआयएसमध्ये (विंडोजच्या वेब सर्व्हरमध्ये) व्हर्च्युअल डिरेक्टरी, म्हणजे दुसरीकडचं फोल्डर साइटचा भाग म्हणून दाखवणारी नोंद करून तिला शेअरचा पाथ द्यायचा. खरा निर्णय तिथल्या 'कनेक्ट ॲज' बटणामागे आहे. एक ठरावीक खातं भरलं की पाच मिनिटांत काम होतं, पण फाइल सर्व्हरला मग तेवढं एकच खातं दिसतं. पगारपत्रकाच्या फोल्डरवर एनटीएफएस परमिशन (फाइल-फोल्डरवरच्या परवानग्या) कितीही काटेकोर लावलेल्या असोत, त्या खात्याला वाचता येत असेल तर पान उघडणाऱ्या प्रत्येकाला वाचता येतं. म्हणून हा मार्ग घ्यायचा तर सर्वांसाठीच्या कागदपत्रांचा शेअर वेगळा काढा आणि त्या खात्याला तेवढ्याच शेअरवर फक्त 'रीड' द्या.

विभागवार परमिशन पाळायच्या असतील तर 'कनेक्ट ॲज'मध्ये पास-थ्रू (ठरावीक खात्याऐवजी पान उघडणाऱ्याचीच ओळख पुढे देणं) आणि साइटवर विंडोज ऑथेंटिकेशन (विंडोजच्याच लॉगिनने ओळख पटवणं) ठेवा. इथे बहुतेक जण 'डबल हॉप'वर अडतात. वापरणाऱ्याची ओळख वेब सर्व्हरपर्यंत पोचते, पण एनटीएलएम या विंडोजच्या जुन्या लॉगिन पद्धतीत ती पुढे फाइल सर्व्हरकडे नेता येत नाही. खूण ठरलेली: वेब सर्व्हरवर बसून उघडलं तर चालतं, टेबलावरच्या मशीनवरून उघडलं की पुन्हा पुन्हा पासवर्ड मागतं.

यावर उपाय केर्बेरॉस डेलिगेशनचा: केर्बेरॉस ही तिकिटांवर चालणारी लॉगिन पद्धत, आणि डेलिगेशन म्हणजे वापरणाऱ्याची ओळख पुढे नेण्याची वेब सर्व्हरला दिलेली मुभा. ॲप पूल (आयआयएसमध्ये साइट चालवणारी प्रोसेस) वेब सर्व्हर मशीनच्याच ओळखीवर ठेवा. कस्टम खातं दिलं की सीआयएफएसचं (विंडोजच्या फाइल-शेअरिंग सेवेचं) डेलिगेशन दगा देतं. साइटला 'इंट्रानेट' असं वेगळं नाव असेल तर त्या नावाचा एचटीटीपी एसपीएन (कोणती सेवा कोणत्या खात्यावर चालते ते केर्बेरॉसला सांगणारी नोंद), छोटा आणि पूर्ण डोमेनसकट, वेब सर्व्हरच्या खात्यावर नोंदवा. ही नोंद करणाऱ्या 'सेटएसपीएन' कमांडला एस स्विच द्या, म्हणजे तेच नाव दुसरीकडे नोंदलंय का हे आधी तपासलं जातं. मग ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (ऑफिसातल्या खात्यांच्या आणि मशीनांच्या नोंदवहीत) वेब सर्व्हरच्या डेलिगेशन टॅबवर 'स्पेसिफाइड सर्व्हिसेस ओन्ली' आणि 'केर्बेरॉस ओन्ली' निवडून फाइल सर्व्हरची सीआयएफएस सेवा जोडा. डीएफएस असेल तर मागच्या प्रत्येक प्रत्यक्ष सर्व्हरची. केर्बेरॉसची तिकिटं मूळ सेटिंगमध्ये १० तास टिकतात, तेव्हा बदलानंतर वेब सर्व्हर रीस्टार्ट करून, लॉगऑफ-लॉगिन करूनच तपासा. वेब सर्व्हरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२४ क्रमांकाच्या नोंदीत एनटीएलएम दिसलं तर एसपीएन पुन्हा बघा.

एवढं करूनही ५००.१९ ही एरर आली तर आयआयएस शेअरमध्ये 'वेब डॉट कॉन्फिग' ही सेटिंगची फाइल शोधतंय आणि वेब सर्व्हर मशीनच्या खात्याला तिथे वाचता येत नाहीये. पण तेवढ्यासाठी सगळ्या फोल्डरांवर मशीनला परमिशन वाटू नका. व्हर्च्युअल डिरेक्टरीचं 'अलाउ सबडिर कॉन्फिग' फॉल्स केलं की ते फक्त मुळातल्या फोल्डरात शोधतं. तेवढ्यावर 'रीड' पुरतं.

किरकोळ अडचणी एररच्या नंबरावरूनच कळतात. ४०४.३ म्हणजे त्या प्रकारच्या फाइलचा माइम टाइप (फाइल कसली आहे ते सांगणारी नोंद) आयआयएसमध्ये नाही. ऑटोकॅडच्या डीडब्ल्यूजीला हे हटकून होतं. ४०४.११ म्हणजे फाइलच्या नावात अधिकचं (+) चिन्ह आहे. सुरक्षेची सेटिंग सैल करण्यापेक्षा नाव बदला. ४०४.८ म्हणजे कोणीतरी फोल्डरला 'बिन' नाव दिलंय, आणि ते नाव आयआयएस लपवून ठेवतं.