शंभर मीटर, पाच तुकडे: मोठ्या स्पर्धा आणि विज्ञानाचा तास

ऑलिंपिक किंवा विश्वचषक जवळ आला की शाळांमध्ये एक ठरावीक गोष्ट होते. भिंतीवर तक्ते लागतात, 'खेळातलं विज्ञान' या विषयावर एखादं भाषण होतं, एखादा व्हिडिओ दाखवला जातो. मुलं मजेत बघतात आणि तास संपला की वहीत काहीच उरत नाही, कारण त्यांनी स्वतः काही मोजलेलंच नसतं. खरं तर मोठ्या स्पर्धेचा शिक्षकाला होणारा मोठा उपयोग हाच आहे: तिथे प्रत्येक गोष्ट काटेकोर मोजली जाते, आकडा जगासमोर असतो आणि तो कसा मोजायचा याचे नियम लिहून ठेवलेले असतात. मुलांनी मैदानावर तेच मोजावं, आपला आकडा त्या आकड्याशेजारी मांडावा आणि फरक कुठून आला ते शोधावं.

एका स्पर्धेला एक प्रश्न पुरतो. पाच खेळांचे पाच प्रयोग एका आठवड्यात कोंबले तर सगळे अर्धवट राहतात. मापन स्पर्धेच्या आठ-दहा दिवस आधी उरकावं. आधी स्वतः मोजलेलं असलं की मुलं अंतिम शर्यत वेगळ्या नजरेने बघतात. उलटा क्रम केला, तर स्पर्धा संपल्यावर मैदानात उतरायला कुणालाच उत्साह नसतो.

सगळ्यात जास्त हाती लागतं ते १०० मीटर शर्यतीतून. उसेन बोल्टने २००९ साली बर्लिनमध्ये ९.५८ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा दर २० मीटरला वेळ नोंदली गेली होती: २० मीटरला २.८९, ४० ला ४.६४, ६० ला ६.३१, ८० ला ७.९२ आणि १०० ला ९.५८ सेकंद. हे पाच आकडे फळ्यावर लिहावेत आणि पुढे काही सांगू नये. प्रत्येक तुकड्याचा वेग मुलांनी काढायचा. इथे निम्मा वर्ग हमखास एकच चूक करतो: ६० मीटरच्या खुणेवरचा वेग म्हणून ६० भागिले ६.३१ करतो. ती सुरुवातीपासूनची सरासरी झाली. तुकड्याचा वेग हवा असेल तर अंतरही वजा करायला हवं आणि वेळही. नीट काढलं की वेग येतात ६.९२, ११.४३, ११.९८, १२.४२ आणि १२.०५ मीटर प्रतिसेकंद. म्हणजे जगातला सर्वांत वेगवान माणूससुद्धा शेवटच्या २० मीटरमध्ये मंदावला होता. 'शेवटी जोर लावून पुढे गेला' असं समालोचनात ऐकू येतं, तेव्हा बहुतेक वेळा इतर धावपटू त्याच्यापेक्षा जास्त मंदावलेले असतात. आलेखातला शेवटचा तुकडा किंचित आडवा झालेला दिसला की हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता मैदान. ६० मीटरची सरळ पट्टी पुरते. टेपने मोजून दर १० मीटरवर फक्कीची आडवी रेघ मारायची आणि प्रत्येक रेघेच्या दोन्ही टोकांना एकेक काठी उभी करायची. वेळ घेणाऱ्याने दोन्ही काठ्या एकामागे एक दिसतील अशा जागी उभं राहायचं, नाहीतर तिरकस नजरेमुळे अर्धा-पाऊण मीटर सहज चुकतो. प्रत्येक खुणेवर दोन स्टॉपवॉच हवेत. सगळी घड्याळं एकदमच, सुरुवातीच्या इशाऱ्यावर चालू होतात आणि धावणाऱ्याचं धड रेघेवर आलं की त्या त्या खुणेची बंद होतात. डोकं किंवा हात धरायचा नाही. मोठ्या स्पर्धांतही धडच मोजतात.

इशारा शिट्टीचा नको, झेंड्याचा हवा. आवाजाला ६० मीटर जायला ०.१८ सेकंद लागतात, १०० मीटरला ०.२९. शेवटच्या खुणेवरचं घड्याळ शिट्टीवर चालू केलं तर तेवढा वेळ गायब होतो. मोठ्या स्पर्धांत प्रत्येक धावपटूच्या स्टार्टिंग ब्लॉकमागे स्पीकर असतो तो याचसाठी. नाहीतर पिस्तुलाजवळच्या धावपटूला आवाज आधी पोचेल.

झेंडा वापरला तरी हाताने घेतलेली वेळ खरीपेक्षा कमीच येते. सुरुवातीला झेंडा पडलेला दिसल्यावर बोट दाबायला उशीर होतो, पण शेवटी धावणारा येताना दिसत असतो, त्यामुळे घड्याळ बरोबर क्षणी बंद होतं. १०० मीटरच्या हातघड्याळी वेळेची इलेक्ट्रॉनिक वेळेशी तुलना करताना ०.२४ सेकंद मिळवण्याचा प्रघात त्यातूनच आला. इथे मुलांना एक छान गोष्ट दाखवता येते: सगळ्यांचा उशीर साधारण सारखा असेल तर एका खुणेची वेळ दुसरीतून वजा केली की तो उडून जातो. फक्त पहिल्या तुकड्यात तो तसाच शिल्लक राहतो. पहिल्या तुकड्याचा वेग संशयास्पद जास्त आला, तर कारण हेच.

दर १० मीटरचा आलेख मात्र करवतीच्या दात्यांसारखा येणार. मुलगी धावली, मंदावली, परत धावली, परत मंदावली असं दिसतं आणि मुलं त्याची कारणं शोधायला लागतात: पाय घसरला, दम लागला. तसं काही झालेलं नसतं. ६ मीटर प्रतिसेकंदाने धावणाऱ्याला १० मीटरला १.६७ सेकंद लागतात. दोन्ही खुणांवर ०.१ सेकंदाची चूक उलट्या दिशेने झाली तर वेग ५.४ ते ६.८ मधला कोणताही दिसू शकतो. तुकडा २० मीटरचा केला की हीच मर्यादा ५.७ ते ६.४ वर येते. म्हणून पहिल्यांदा १० मीटरचाच आलेख काढू द्यावा, तो बिघडू द्यावा आणि मग एकाआड एक खूण गाळायला सांगावं. आलेख गुळगुळीत होताना बघणं हा या प्रयोगाचा सर्वोत्तम भाग आहे. हा खटाटोप वाचवण्यासाठी आधीच २० मीटर घेतले तर प्रयोग नीट होतो, पण शिकण्यासारखं निम्मं हातचं जातं.

मोबाइलचा व्हिडिओ घ्यायचा असेल तर साध्या चित्रणात सेकंदाला ३० चित्रं असतात, म्हणजे ०.०३३ सेकंदापेक्षा बारीक काही कळणार नाही. स्लो मोशनमध्ये १२० किंवा २४० मिळतात.

याच शर्यतीला जोडून पट्टीचा प्रयोग करावा. एकाने ३० सेंमीची पट्टी उभी धरायची, दुसऱ्याची बोटं शून्याच्या खुणेवर उघडी. पट्टी सुटली की पकडायची. पट्टी जितकी घसरली त्यावरून वेळ मिळते: ५ सेंमी म्हणजे ०.१०, १० सेंमी ०.१४, १५ सेंमी ०.१७, २० सेंमी ०.२०, २५ सेंमी ०.२३ सेकंद. पहिले तीन प्रयत्न सरावाचे म्हणून सोडून द्यावेत आणि पुढच्या दहांची सरासरी घ्यावी. पट्टी सोडणाऱ्याने दर वेळी वेगळा वेळ थांबायचं, कधी एक सेकंद तर कधी चार. ठरावीक लयीत सोडली की समोरचा अंदाजाने पकडतो आणि ४ सेंमीचे 'विक्रम' होतात. इथेच नियमपुस्तक आणावं: इशाऱ्यानंतर ०.१०० सेकंदाच्या आत हालचाल नोंदली गेली तर ती चुकीची सुरुवात धरतात. बर्लिनमध्ये बोल्टचा प्रतिक्रिया काळ ०.१४६ सेकंद होता. ५ सेंमीच्या आत पट्टी पकडणाऱ्याला आता वर्गच बाद ठरवतो, शिक्षकाला बोलावं लागत नाही.

भालाफेकीच्या वेळी मात्र सावध राहायला हवं, कारण पाठ्यपुस्तकातला ४५ अंश इथे दगा देतो. भालाफेकपटू ४५ अंशांत फेकत नाहीत, गोळाफेकपटूही नाहीत, आणि लांब उडीत तर उड्डाणाचा कोन २० अंशांच्या आसपास असतो. '४५ अंशांत सर्वांत लांब' हे विधान तीन अटींवर उभं आहे: फेक आणि पडणं एकाच उंचीवर, हवेचा परिणाम नाही, आणि कोन कोणताही असला तरी सुटण्याचा वेग तोच. खेळाडू तिन्ही मोडतो. गोळा २ मीटर उंचीवरून सेकंदाला १४ मीटर वेगाने सुटला तर गणिताने सर्वोत्तम कोन सुमारे ४२ अंश येतो. प्रत्यक्षातले कोन त्याहून कमी असतात, कारण वर रेटताना माणसाला तेवढा वेग देता येत नाही. हे दाखवायला दोन मापनं लागतात: रबरबँड दर वेळी ठरावीक खुणेपर्यंत ताणून सोडलेली हलकी गोळी, आणि मुलांनी हाताने फेकलेला मऊ चेंडू. पहिल्यात ४५ च्या आसपास सर्वांत लांब जाईल, दुसऱ्यात त्याहून कमी कोनात. रबरबँड प्रत्येक फेकीआधी तपासावा. तो सैल पडत गेला की शेवटी घेतलेला कोन उगाच वाईट ठरतो. कोनांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला की ही अडचण बरीचशी मिटते.

कोनापेक्षा वेग महत्त्वाचा, हेही आकड्यांतून काढून घ्यावं. सपाट जमिनीवर, हवेचा विरोध सोडला तर, ४५ ऐवजी ४० अंशांत फेकल्याने अंतर जेमतेम दीड टक्का घटतं. वेग १० टक्क्यांनी वाढला तर अंतर २१ टक्क्यांनी वाढतं.

भाल्याची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९८४ मध्ये उवे होनने १०४.८० मीटर फेक केली. मैदान अपुरं पडेल अशी वेळ आली, शिवाय भाले आडवे पडत असल्याने टोक आधी टेकलं की नाही यावर वाद होत. १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंमी पुढे सरकवला गेला. वजन तेच ८०० ग्रॅम, पण भाला लवकर नाक खाली घालू लागला आणि फेकी आखडल्या. २०२१ मध्ये टोकियोत नीरज चोप्राला सुवर्णपदक मिळवून देणारी ८७.५८ मीटरची फेक या नव्या भाल्याची आहे; १०४.८० शी तिची तुलना करणाऱ्या मुलाला आधी 'भाला तोच होता का?' हे विचारावं. वर्तमानपत्राच्या घट्ट नळीवर चिकणमातीचा गोळा थोडा मागे-पुढे सरकवून हाच फरक वर्गात दिसतो. खरा भाला या प्रयोगात आणू नये.

चेंडूच्या उसळीचा प्रयोग सगळे करतात, म्हणून दोनच सूचना. सोडताना आणि वाचताना दोन्ही वेळा चेंडूचा तळ धरावा. सोडताना तळ आणि वाचताना माथा धरला तर फुटबॉलमध्ये २२ सेंमीची चूक होते. आणि तुलना करायची ती टेनिसच्या चेंडूशी, कारण त्याचा नियम सुटसुटीत आहे: २५४ सेंमीवरून सोडलेला प्रमाणित चेंडू १३५ ते १४७ सेंमी उसळला पाहिजे. वापरून जुना झालेला चेंडू यात बसत नाही, आणि बसत नाही हे मुलांनी शोधणं हाच निकाल.

एक गोष्ट टाळावी. वर्गातल्या मुलांचे वेग नावानिशी फळ्यावर उतरत्या क्रमाने लिहू नयेत, वजनं तर मुळीच नाहीत. धावणारे तीन-चार जण स्वेच्छेने पुढे आलेले असावेत, बाकीचे मोजणारे. आणि मोजणाऱ्यांचं काम जास्त अवघड आहे हे सुरुवातीलाच सांगावं.

शेवटच्या तासाला १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधली ४०० मीटर वैयक्तिक मिडले (चारही प्रकारांनी पोहण्याची) शर्यत घ्यावी. गुन्नार लार्सन ४ मिनिटं ३१.९८१ सेकंद, टिम मॅकी ४ मिनिटं ३१.९८३. सुवर्ण आणि रौप्य यांत ०.००२ सेकंद. ४०० मीटरला २७२ सेकंद म्हणजे वेग साधारण १.४७ मीटर प्रतिसेकंद, ०.००२ सेकंदात ३ मिलिमीटरही अंतर होत नाही. आता मुलांच्या पाच गटांनी वर्गाची लांबी टेपने वेगवेगळी मोजायची आणि पाच आकडे मिलिमीटरपर्यंत लिहायचे. ते एकमेकांशी किती जुळतात ते बघितल्यावर विचारावं की ५० मीटरच्या तलावातल्या दोन रांगांची लांबी ३ मिलिमीटरच्या आत सारखी आहे हे कुणी सांगू शकेल का. म्युनिकनंतर पोहण्यात निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंतच लावायचं ठरलं. २०१६ मध्ये रिओत १०० मीटर बटरफ्लायला फेल्प्स, ले क्लोस आणि चेह या तिघांना एकच वेळ मिळाली, ५१.१४, आणि तिघांनाही रौप्य दिलं गेलं.