जर्मनीत कापलेला कर आणि माझे 182 दिवस

ऑक्टोबर 2023 मध्ये बँकेचा मेसेज आला तेव्हा मी आकडा दोनदा वाचला. 6,734 युरो. करार आठ हजारांचा होता. लहान मुलांच्या एका पुस्तकासाठी काढलेली माझी चित्रं एका जर्मन प्रकाशनाने दहा वर्षं वापरायला घेतली होती. मूळ चित्रं माझ्याकडेच राहणार होती, कॉपीराइटही माझाच. वीस वर्षं चित्रं काढतेय, पण परदेशातून आलेलं हे पहिलंच मोठं मानधन. त्यातले 1,266 युरो वाटेतच गेले होते.

प्रकाशनाच्या हिशेबनीस बाईंना मेल केला. त्यांचं उत्तर सरळ होतं. जर्मनीबाहेरच्या माणसाला कॉपीराइटचं मानधन देताना आम्ही 15 टक्के कर कापून सरकारजमा करतो, त्या करावर 5.5 टक्के सॉलिडॅरिटी अधिभार, एकूण 15.825 टक्के. हा अधिभार 1991 मध्ये सुरू झाला, तेव्हा पूर्व आणि पश्चिम जर्मनी नुकते एक झाले होते. बाईंचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या कायद्याने त्यांना कापणं भागच होतं.

माझा खरा प्रश्न पुढचा होता. मी राहते गिरगावात. इथली रहिवासी म्हणून जगभरातल्या माझ्या कमाईवर भारत सरकारही कर घेणार. म्हणजे एकाच चित्रावर दोन सरकारं?

आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. आयुष्यभर त्यांनी आयकर न्यायाधिकरणात वकिली केली. त्यांच्याकडे करार आणि मेल घेऊन गेले. चष्मा पुसत त्यांनी सगळं वाचलं आणि विचारलं, ‘‘अगं, पैसे येण्याआधी टीआरसी दिलंस का त्यांना?’’

‘‘ते काय असतं, काका?’’

‘‘तू भारताची रहिवासी आहेस, असं आयकर खात्याने लिहून दिलेलं प्रमाणपत्र. भारत आणि जर्मनीचा करार आहे 1995 चा, लागू झाला 1996 मध्ये. त्याच्या 12 व्या कलमात रॉयल्टीवर जर्मनीला फार तर दहा टक्के घेता येतात. सोळाच्या आसपास कापलेत. दहा त्यांचे, वरचे तुझे. पण तुझे आहेत म्हणून कोणी आपण होऊन आणून देणार नाही.’’

त्या संध्याकाळी मी तो करार डाउनलोड करून वाचला. माझ्यासारख्यांनी तो एकदा तरी वाचावा असं मला मनापासून वाटतं. इंग्रजी जड आहे, पण आपल्या कामाची कलमं दोन-तीनच. एक सूचना मात्र करते. करारात कलाकार आणि खेळाडू यांच्यासाठी वेगळं कलम आहे. चित्रकाराची नजर आधी तिथेच जाते, माझीही गेली. ते रंगमंचावर, पडद्यावर किंवा मैदानात स्वतः उतरणाऱ्यांसाठी आहे. चित्र वापरू देण्याचं मानधन रॉयल्टीतच बसतं.

हिशेब असा झाला. आठ हजारांचे दहा टक्के, म्हणजे 800 युरो, जर्मनीचे. ते भारतातल्या करातून वजा करून मागायचे. उरलेले 466 जर्मनीकडूनच परत मागायचे. मला वाटत होतं की पूर्ण 1,266 इथे वजा मिळतील. काकांनी तिथेच थांबवलं. परदेशाने करारातल्या दरापेक्षा जास्त कापलं, तर त्या जादा रकमेची वजावट भारत देत नाही. तेव्हाच्या आयकर नियम 128 मध्ये हे स्पष्ट लिहिलं होतं. ती रक्कम त्या देशाकडूनच मिळवायची. हे ठाऊक नसलेल्यांचे पैसे नेमके या फटीत अडकतात.

जर्मनीकडे मागायचे तर टीआरसी हवं. त्यासाठी तेव्हा फॉर्म 10एफए भरून आपल्या आयकर अधिकाऱ्याकडे द्यावा लागे आणि प्रमाणपत्र फॉर्म 10एफबी मध्ये मिळे. (1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू आहे. तेव्हा फॉर्मचे क्रमांक आणि कलमं भरण्यापूर्वी नव्याने तपासा. माझा अनुभव जुन्या कायद्यातला.) फॉर्म पानभराचा. नाव, वडिलांचं नाव, पॅन, पत्ता, रहिवासी असल्याचा आधार, कोणत्या काळासाठी हवं, कशासाठी हवं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी अर्ज घेऊन गेले. आवक खिडकीवर पोच मिळाली, शिक्का मारलेली. दोन आठवड्यांनी चौकशीला गेले तर फाइल सापडेना. पुन्हा आठ दिवसांनी गेले, तेव्हा ती दुसऱ्या टेबलावर होती आणि वर पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘काळ?’. पोच हातात नसती तर मला सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. सरकारी कार्यालयात दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या, हे वडील सांगायचे. त्या दिवशी ते फार आठवले.

तर त्या पेन्सिलीच्या प्रश्नाबद्दल. मी काळ लिहिला होता ‘2023’. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, जर्मनीचं जानेवारी ते डिसेंबर. जर्मनीला 2023 हे कॅलेंडर वर्ष हवं होतं आणि ते आपल्या दोन आर्थिक वर्षांत विभागलं जातं. जानेवारी ते मार्च हे 2022-23 मध्ये, एप्रिल ते डिसेंबर 2023-24 मध्ये. म्हणजे दोन वर्षांचा दाखला मागायला हवा होता. त्यातलं दुसरं वर्ष तर अजून चालू होतं.

अधिकारी तरुण होते. त्यांनी मला समोर बसवलं. ‘‘मॅडम, गेल्या वर्षाचं देतो, तुमचं रिटर्न आहे. पण हे वर्ष संपायच्या आत तुम्ही रहिवासी आहात असं मी कशावरून लिहू?’’

मी पासपोर्ट पुढे केला. काकांनी मला तयार करूनच पाठवलं होतं. म्हटलं, ‘‘साहेब, या वर्षी मी देशाबाहेर गेलेच नाही. एप्रिल ते ऑगस्ट 153 दिवस झाले. 29 सप्टेंबरला 182 पूर्ण. आर्थिक वर्षात 182 दिवस इथे राहिलं की माणूस रहिवासी ठरतो. आता उरलेलं वर्ष बाहेर काढलं तरी ते बदलणार नाही.’’

त्यांनी कॅल्क्युलेटर घेतला. तीस, एकतीस, तीस, एकतीस, एकतीस आणि एकोणतीस. मग पासपोर्टचं एकेक पान उलटून शिक्के बघितले. ‘‘बरोबर आहे,’’ म्हणाले. ‘‘नवीन अर्ज द्या, दोन्ही वर्षं वेगळी लिहा आणि कारणात कराराचं कलम टाका.’’ त्या चार वाक्यांनी मला केवढा धीर आला! जानेवारीत दोन्ही प्रमाणपत्रं हातात पडली.

त्या फेऱ्यांत बाकावर बसलेली माणसं बघायचे. एकदा शेजारी एका कंपनीचा तरुण लेखापाल होता, मांडीवर वीतभर जाडीची फाइल. तोही टीआरसीसाठीच आला होता. कंपनीची आणि माझी रांग एकच, फॉर्मही एकच, याचं मला समाधान वाटलं. मग काकांकडून पुढचं ऐकलं आणि ते समाधान थोडं ओसरलं.

काका म्हणाले, या सगळ्यामागचा प्रश्न शंभर वर्षांचा आहे. पैसा जिथे कमावला त्या देशाने कर घ्यायचा, की कमावणारा जिथे राहतो त्याने? पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने चार अर्थतज्ज्ञांना हा प्रश्न दिला आणि 1923 मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यातले एक, लुइजी एनाउदी, पुढे इटलीचे राष्ट्राध्यक्ष झाले. पुढे 1928 मध्ये राष्ट्रसंघाने नमुना करार तयार केले आणि आजचे करार त्याच वळणाचे आहेत. थोडा हक्क या देशाला, थोडा त्या देशाला. कंपनीच्या धंद्यातल्या नफ्यासाठी मात्र एक अट घातली गेली. त्या देशात तिचं कायम ठिकाण, म्हणजे कार्यालय, कारखाना असं काही असेल तरच तिथे कर. कापडाच्या आणि यंत्रांच्या जमान्यात ते पटण्याजोगं होतं. नंतर अशा कंपन्या आल्या की ज्यांना जाहिराती विकायला गिरगावात दुकान लागत नाही. मग नफ्यावरचा कर कुठे भरायचा? माझे 15.825 टक्के मात्र पैसे निघायच्या आधीच कापले गेले होते.

मला हे सलतं, आणि ते लपवायचं कारण नाही. भारताने 2016 मध्ये परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरातींवर सहा टक्के समकरण शुल्क लावलं ते याच फटीसाठी. 1 एप्रिल 2025 पासून ते काढून टाकलं. 2021 मध्ये 130 हून अधिक देशांनी ठरवलं, की वर्षाला 75 कोटी युरोंहून जास्त उलाढाल असलेल्या बहुराष्ट्रीय कंपन्यांनी प्रत्येक देशात निदान 15 टक्के कर भरावा. जर्मनीने तसा कायदा 2023 च्या अखेरीस केलाही. पण अमेरिका 2025 मध्ये त्या समझोत्यातून बाजूला झाली आणि गाडी पुन्हा वाटाघाटींवर आली.

काकांच्या बोलण्यात व्होडाफोनचा खटला हमखास येतो. 2007 मध्ये भारतातल्या मोबाइल धंद्याचा ताबा बदलला, पण कागदोपत्री विकला गेला तो केमन बेटांवरच्या एका कंपनीचा शेअर. आयकर खात्याने कर मागितला. 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खात्याच्या बाजूने निकाल दिला, जानेवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. सरकारने लगेच कायद्यात पूर्वलक्षी, म्हणजे मागच्या व्यवहारांनाही लागू होणारी, दुरुस्ती केली आणि 2021 मध्ये तीही मागे घेतली. काका उच्च न्यायालयात सुनावणी ऐकायला जात. ते म्हणतात, ‘‘दोन्ही बाजूंचे युक्तिवाद उत्तम होते गं. पण असे युक्तिवाद करायला माणसं लागतात, आणि ती सगळ्यांना परवडत नाहीत.’’

रॉयल्टी या एका शब्दावरही वर्षानुवर्षं भांडणं झाली. परदेशी कंपनीचं तयार सॉफ्टवेअर विकत घेतलं तर दिलेली किंमत ही रॉयल्टी का? 2 मार्च 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं. घेणाऱ्याला वापरायची प्रत मिळते, कॉपीराइटमधला हक्क मिळत नाही. हे वाचल्यावर माझ्या स्वतःच्या कराराचा अर्थ मला उमगला. मी प्रत विकली नव्हती, छापण्याचा हक्क दिला होता. त्यामुळे माझं मानधन रॉयल्टी होतं यात शंकाच नव्हती.

भारतातलं काम त्या मानाने सोपं गेलं. जर्मन प्रकाशनाने कापलेला कर तिमाही संपल्यावर, 10 जानेवारीपर्यंत, सरकारजमा केला आणि मग कर कापल्याचं प्रमाणपत्र पाठवलं. ते मागावं लागतं. मग फॉर्म 67, परदेशात कापलेल्या कराची वजावट इथे मागण्याचा, तो ऑनलाइन. त्यात कापलेला कर रुपयांत लिहायचा, आणि दर घ्यायचा स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट, म्हणजे बँक परदेशातून आलेलं चलन ज्या दराने विकत घेते तो, कर कापला त्याच्या आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. माझा कर ऑक्टोबरमध्ये कापला, म्हणून 30 सप्टेंबरचा दर. बँकेने माझे युरो ज्या दराने रुपयांत बदलले तो इथे चालत नाही. जुन्या तारखेचा तक्ता मला काकांच्या ओळखीच्या सीएकडे मिळाला, ते रोजचा तक्ता जपून ठेवतात. परदेशातून पैसे आले की आदल्या महिनाअखेरचा तक्ता त्याच दिवशी उतरवून घ्या.

रिटर्नमध्ये दोन तक्ते भरायचे, एक परदेशी उत्पन्नाचा आणि दुसरा करसवलतीचा. जर्मनीचा कोड 49. तिथला करदाता क्रमांक माझ्याकडे नव्हता, त्या जागी पासपोर्टचा क्रमांक. उत्पन्न पूर्ण आठ हजार युरोंचं दाखवायचं, हातात आलेलं 6,734 नाही. त्यातून रंग, कागद, स्कॅनिंगचा खर्च वजा केला. त्या उत्पन्नावरचा भारतातला कर 800 युरोंपेक्षा जास्त निघाला, म्हणून 800 पूर्ण वजा मिळाले. कमी निघाला असता तर तेवढेच मिळाले असते. फॉर्म 67 मी रिटर्नच्या आधी भरला, जुलै 2024 मध्ये. 2022 च्या दुरुस्तीनंतर तो करनिर्धारण वर्ष, म्हणजे कमाईच्या आर्थिक वर्षानंतरचं वर्ष, संपेपर्यंत भरता येत होता, पण मला धोका पत्करायचा नव्हता.

जर्मनीतला परताव्याचा अर्ज प्रकाशनातल्या त्या बाईंनी माझ्या अधिकारपत्रावर भरला. सोबत माझी दोन्ही प्रमाणपत्रं. ज्या वर्षात पैसे मिळाले त्याच्या अखेरीपासून चार वर्षांची मुदत असते, म्हणजे 2023 च्या पैशांसाठी 2027 अखेरपर्यंत. ज्यांचा कर पूर्वी असा जास्त कापला गेलाय त्यांनी आधी ही मुदत बघा. 466 युरो खात्यात आले त्या दिवशी पेढे घेऊन वरच्या मजल्यावर गेले. काकांनी एक पेढा घेतला आणि विचारलं, ‘‘पुढच्या पुस्तकाचं काय?’’

पुढच्या पुस्तकाचा करार गेल्या वर्षी आला. करारातला कमी दर पैसे देतानाच लावता यावा म्हणून जर्मनीतून आधी सूट-प्रमाणपत्र घेता येतं, पण ते मागच्या तारखेपासून मिळत नाही, अर्ज पोहोचल्यापासून पुढेच लागू होतं. म्हणून या वेळी अर्ज आधी पाठवला. आणि प्रकाशनाला लिहिलं की प्रमाणपत्र येईपर्यंत पैसे पाठवू नका, मी थांबते.