टर्मिनलमध्ये मराठी शब्दमोजणी: किल्ल्यांच्या नोंदी, टीआर आणि पायऱ्या

सह्याद्रीतल्या भटकंतीच्या नोंदी माझ्याकडे साध्या मजकूर-फाइल्समध्ये आहेत. काही लॅपटॉपवर टंकलेल्या, काही फोनवर. त्यात कोणता शब्द किती वेळा आलाय, हे फक्त शेलच्या (टर्मिनलमध्ये कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कमांड वापरून काढायचं, पायथन वगैरे काही नाही, असं सध्या चाललंय. (कमांडची नावं इथे उच्चारानुसार लिहितोय. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन.)

कल्पना माझी नाही. १९८६ मध्ये जॉन बेंटली यांच्या प्रोग्रॅमिंगवरच्या सदरासाठी संगणकशास्त्रज्ञ डोनल्ड कनूथ यांनी सर्वाधिक वापरलेले शब्द शोधणारा एक देखणा, पानंच्या पानं चालणारा प्रोग्रॅम लिहिला. त्याचं परीक्षण युनिक्स ही संगणकप्रणाली घडवणाऱ्यांपैकी डग मॅकिलरॉय यांच्याकडे होतं. त्यांनी कौतुक केलं आणि शेजारी तेच काम करणाऱ्या सहा ओळी मांडल्या: टीआर, पुन्हा टीआर, सॉर्ट, युनिक, पुन्हा सॉर्ट, सेड. मधे पाइप, म्हणजे एका कमांडचा निकाल पुढच्या कमांडला देणारी जोडणी. युनिक्समध्ये १९७३ साली पाइप आला तोही मॅकिलरॉय यांच्याच आग्रहामुळे. बागेतल्या पाण्याच्या नळ्या जशा एकमेकींना जोडतो तसे प्रोग्रॅम जोडता यावेत, हे त्यांनी १९६४ मध्येच टिपणात लिहून ठेवलं होतं.

त्या सहा ओळींतली दुसरी मराठीला लागतच नाही. ती मोठी लिपी छोटी करते, आणि देवनागरीत तो प्रकारच नाही. म्हणजे आपलं काम पाच ओळींत व्हायला हवं.

पहिल्या ओळीतला टीआर अक्षरांखेरीज बाकी सगळ्याच्या जागी नवी ओळ घालतो, त्यामुळे एका ओळीवर एकच शब्द उरतो. मूळ कमांडमध्ये इंग्रजी अक्षरांचा पल्ला आहे. त्याजागी ‘क-ह’ दिला आणि जे बाहेर आलं ते बघण्यासारखं होतं. ‘गड’ धड. ‘पायवाट’ धड. ‘किल्ला’चे मात्र दोन तुकडे: ‘किल’, त्याला चिकटलेलं एक प्रश्नचिन्हाचं चौकट, आणि पुढच्या ओळीवर ‘ला’. ‘पाणी’ची वेलांटी गायब.

कारण ओडी कमांडने बाइट उघडून पाहिल्यावर दिसतं. लिनक्सवरचा ग्नू टीआर अक्षर ओळखत नाही, तो एकेक बाइट बघतो. यूटीएफ-८ (मजकूर बाइटमध्ये साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं: सोळाच्या पायातल्या आकड्यांत ‘क’ म्हणजे ई० ए४ ९५, ‘ह’ म्हणजे ई० ए४ बी९. मधली रेघ ‘क’च्या शेवटच्या आणि ‘ह’च्या पहिल्या बाइटच्या मध्ये पडते, म्हणून टीआरच्या लेखी ‘क-ह’ हा पल्ला ९५ ते ई० असा होतो. व्यंजनं, काना आणि पहिली वेलांटी यांचे सगळे बाइट त्यात बसतात, म्हणून ती वाचतात. दुसरी वेलांटी, उकार, मात्रा आणि हलन्त यांचा शेवटचा बाइट ८० ते ८डी यांच्यात पडतो, अनुस्वाराचा ८२. ते सगळे पल्ल्याबाहेर, म्हणून नेमके तिथेच शब्द फुटतात. सुरुवातीचा ‘अ’ सुद्धा याच कारणाने जातो. हा गोंधळ मला फार आवडला, कारण तो अगदी नियमाने होतो. टीआर आपल्या परीने चोख काम करत असतो.

मोजणी करणाऱ्या डब्ल्यूसी कमांडवर हेच लगेच पडताळता येतं. ‘गड’ हा शब्द आणि ओळ संपल्याची खूण एवढीच फाइल असेल, तर सी पर्याय (बाइट मोजणारा) ७ सांगतो आणि एम पर्याय (चिन्हं मोजणारा) ३.

टीआरच्या जागी आता ग्रेप (नमुन्याशी जुळणारा मजकूर शोधणारी कमांड) आहे. छोटा ओ (फक्त जुळलेला भाग छाप) आणि मोठा पी (पर्लच्या पद्धतीचे नमुने) असे दोन पर्याय, आणि नमुना म्हणून ‘देवनागरी लिपीतली सलग चिन्हं’. लोकेल (टर्मिनलची भाषा-लिपीची मांडणी) यूटीएफ-८ असायलाच हवं. मॅकवरच्या ग्रेपला मोठा पी समजत नाही, तिथे होमब्र्यू या सॉफ्टवेअर-भांडारातून जीग्रेप घ्यावा. पुढचं सगळं मॅकिलरॉय यांचंच: सॉर्ट, युनिक -सी (मोजणीसह), सॉर्ट -आरएन (मोठ्या आकड्यापासून), आणि सेडऐवजी सवयीचा हेड (फक्त वरच्या ओळी). युनिक फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी एकत्र करतो, म्हणून आधी सॉर्ट लागतोच. त्या सॉर्टच्या आधी एलसी_ऑल=सी (बाइटच्या क्रमाने लाव) लावतो. वेग वाढतो, आणि मोजणीला वर्णक्रम कशाला हवा? मात्र अशी यादी अकारविल्हे म्हणून कुणाला देऊ नका. त्यात ‘ळ’ थेट ‘ल’नंतर येतो आणि ‘काळा’ ‘कावळा’च्या आधी जाऊन बसतो.

तक्ता आला. वर ‘आहे’, ‘आणि’, ‘या’. ‘या’ जरा जास्तच वर वाटला. खाली शोधलं तर ‘पायर्’ आणि ‘दर्’ असे हलन्त तुकडे एकटेच पडलेले.

मराठीकरांना आता उमगलंच असेल. ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकता येतो. फोनवरच्या नोंदींत नुक्त्याचा ‘ऱ’, हलन्त, ‘य’. लॅपटॉपवरच्या जुन्या नोंदींत साधा ‘र’, हलन्त, मग न दिसणारा जोडक (यू+२००डी), मग ‘य’. डोळ्यांना दोन्ही सारखेच. जोडक मात्र कुठल्या एका लिपीचा नाही, त्यामुळे ग्रेप तिथे थांबतो: ‘पायर्’ वेगळा, ‘या’ वेगळा. किल्ल्यांच्या नोंदींत पायऱ्या, दऱ्या, चढणाऱ्या, उतरणाऱ्या यांना तोटा नाही, आणि प्रत्येकीने ‘या’च्या खात्यात एकेकाची भर घातली होती.

उपाय ग्रेपच्या आधी एक सेड (मजकुरात अदलाबदल करणारी कमांड). त्यात क्रम महत्त्वाचा. आधी ‘र, हलन्त, जोडक’ यांचं ‘ऱ, हलन्त’ करायचं, त्यानंतरच उरलेसुरले जोडक काढायचे. उलट केलं तर जुन्या नोंदींतल्या ‘दऱ्या’ सरळ ‘दर्या’ होतात आणि सह्याद्रीत समुद्र शिरतो. जोडक सेडमध्ये टंकण्यापेक्षा बॅश या शेलमध्ये अवतरणाआधी डॉलर लावून \यू२००डी असा संकेत द्यावा, म्हणजे कमांड वाचताना तो निदान दिसतो. ‘र’ आणि सुटा नुक्ता असा तिसरा प्रकारही असतो. माझ्या नोंदींत तो नव्हता, तरी त्यासाठी एक ओळ घालून ठेवली आहे.

नको असलेले ‘आहे’, ‘आणि’ वगैरे शब्द एका फाइलमध्ये ओळीला एक असे लिहिले आणि ग्रेपला व्ही, एक्स, मोठा एफ, छोटा एफ हे चार पर्याय एकत्र दिले. यातला एक्स (पूर्ण ओळ जुळली तरच) विसरू नये, नाहीतर ‘या’ असलेला प्रत्येक शब्द उडतो, पायऱ्यांसकट.

आता अडलंय ते विभक्तीवर. गड, गडावर, गडाच्या, गडाला हे चार वेगळे शब्द म्हणून मोजले जातात. ‘गड’ने सुरू होणारं सगळं एकत्र करावं तर गडद, गडबड आणि गडगडाटही आत येतात. ‘पाणी’ तर सामान्यरूपात ‘पाण्या’ होतं, तिथे सुरुवात जुळवूनही भागत नाही. सध्या हाताने सेडची एक फाइल बनवतोय: एका ओळीत एक मूळ शब्द आणि त्याची रूपं. गड, पाणी आणि टाकं झाले. बुरूज, दरवाजा आणि किल्ला बाकी आहेत. कुणाकडे अशी यादी तयार असेल तर साध्या मजकूर-फाइलमध्येच पाठवा, आणि त्यातले ‘ऱ्या’ कोणत्या प्रकारचे आहेत तेही कळवा.