गुणाकार आधी नको

आज दिवसभर आयओक्यूएमचा (गणित ऑलिंपियाडची भारतातली पात्रता परीक्षा) सराव घेतला. ३० प्रश्न, ३ तास, कॅल्क्युलेटर नाही. पोरं अडकतात ती गणितात कमी आणि आकडेमोडीत जास्त.

१९८९ च्या अमेरिकन एआयएमई या गणित स्पर्धेचा पहिलाच प्रश्न घ्या: ३१×३०×२९×२८+१ चं वर्गमूळ. बहुतेक जण डावीकडून गुणायला बसतात, सहा आकडी संख्या येते आणि मग तिचं वर्गमूळ काढायचं! त्यापेक्षा टोकाच्या दोघांची आणि मधल्या दोघांची जोडी लावून गुणा. ३१×२८=८६८, ३०×२९=८७०. म्हणजे गुणाकार झाला (८६९−१)(८६९+१), म्हणजेच ८६९²−१, त्यात १ मिळवला की उत्तर ८६९. कागदही लागत नाही.

शेवटचे दोन अंक विचारले की मात्र पाठांतर दगा देतं. ७⁴=२४०१, म्हणून ७ चे घात दर चौथ्याला ०१ वर येतात; २०२३ ला ४ ने भागून बाकी ३, तर ७²⁰²³ च्या शेवटी ४३. हेच डोळे झाकून २ ला लावलं की चुकलात. २ आणि १०० मध्ये सामाईक अवयव आहे, त्यामुळे ०१ कधीच येत नाही. २²⁰=१०४८५७६, शेवटी ७६, आणि ७६ चा कितीही घात केला तरी शेवटी ७६च. मग २²⁰²⁵ साठी २०२५ ला २० ने भागून बाकी ५, २⁵=३२, आणि ७६×३२=२४३२, उत्तर ३२.

उत्तराच्या पडताळ्याला नवाची बाकी (९ ने भागून उरते ती) बरी, पण ५४ च्या जागी ४५ लिहिलंत तर ती गप्प बसते. तिथे ११ ची बाकी काढा: एकीकडे १०, दुसरीकडे १.

आणि हो, उत्तर ७ आलं तर ओएमआरवर (गोल रंगवायची उत्तरपत्रिका) दोन अंकी ०७ रंगवायचं.