शत्रूपासून लपताना घाम काढला तो कचेरीने

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून फाशांवर पात्रं खेळवायच्या खेळात, मागे लागलेल्या शत्रूला चुकवायचं कसं, हे मी आता कुणालाही झोपेतून उठून सांगेन. पाऊलखुणा पुसता येतात, वेश बदलता येतो, मंत्रांनाही उतारा असतो. फक्त डीएमने (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) रचलेल्या गावात हिऱ्याची पूड रीतसर विकत घ्यायला जाऊ नका.

आम्ही खेळतो ती पाचवी आवृत्ती, 2014च्या नियमांची. चौघांची पार्टी, सातवी लेव्हल. माझं पात्र रोग (rogue, म्हणजे चोर); ती एका मांत्रिकाच्या तिजोरीतून वही घेऊन पळाली आणि झटापटीत तिच्या वेणीचा शेंडा त्याच्या मुठीत राहिला. टेबलावर सगळे हसले. डीएम तेवढा हसला नाही, त्याने कागदावर काहीतरी खरडून ठेवलं.

जमिनीवरून माग काढणाऱ्यांना चुकवणं सोपं गेलं. बर्फात माग काढायला डीसी (फाशावर गाठायचा आकडा) 10, माती-गवतात 15, उघड्या खडकावर 20, आणि उलटणाऱ्या प्रत्येक दिवसाला 5 वाढतात. त्यामुळे खडकाळ वाट धरायची आणि रेंजरने, म्हणजे पार्टीतल्या रानवाटाड्याने, ‘पास विदाउट ट्रेस’ मंत्र टाकायचा. तासभर जादूशिवाय कुणालाही माग लागत नाही. घोडेही त्यात धरायचे बरं का, 30 फुटांत असले तर. तरीही दर मुक्कामाला त्या मांत्रिकाची माणसं आमच्या आधी हजर!

याचा अर्थ तो पाऊलखुणा बघतच नव्हता. तो ‘स्क्राइंग’ करत होता, म्हणजे मंत्राने दुरून मला बघत होता.

गणित असं. त्याचा मंत्र चुकवायला मी टाकायचा फासा म्हणजे ‘सेव्ह’. मांत्रिकाचा डीसी 16, फाशात मिळवायचा माझ्या रोगचा विजडमचा बोनस शून्य. नुसतं एकदा भेटलेलं माणूस शोधायचं तर मला फाशावर 16 पुरे. तिची एखादी वस्तू त्याच्याकडे असेल तर माझ्या सेव्हमधून 4 वजा. आणि केस, नख, असं अंगाचं काही असेल तर चक्क 10 वजा. म्हणजे मला 26 हवेत, वीस बाजूंच्या फाशावर. बाकीच्या तिघांना त्याने पाहिलेलंही नव्हतं, ऐकीव माहितीवर शोधायचं तर त्यांना उलट 5 जास्त मिळतात. सगळी गळती माझ्या वेणीतून होती.

उतारा म्हणजे ‘नॉनडिटेक्शन’, शोधायच्या मंत्रांपासून झाकणारा. तिसऱ्या लेव्हलचा मंत्र, आठ तास टिकतो, आणि दर वेळी 25 सोन्याच्या नाण्यांची हिऱ्याची पूड खातो. आमच्या विझार्डकडे मंत्र होता. पूड नव्हती.

आणि इथून सुरू झाली ती रत्नव्यापारी संघाची कचेरी.

आमच्या डीएमचा सातबाऱ्यावरचा फेरफार त्या दिवसांत कुठल्याशा कार्यालयात अडकला होता, आणि तो राग त्याने आमच्यावर काढला, असं माझं ठाम मत आहे. हिरे मेलेल्याला उठवायच्या मंत्रांना लागतात, म्हणून या राज्यात त्यांची विक्री नोंदवहीत होते, असं त्याने जाहीर केलं. तर्काला धरून आहे, मान्य. पण खिडकीमागे बसवलेला तो नोम कारकून!

“नाव?”

मी खोटं सांगितलं. डिसेप्शनवर (थाप मारायच्या कौशल्यावर) छान आकडा पडला होता.

“राहणार?”

तेही खोटं.

“दोन साक्षीदार. इथलेच, घरपट्टी भरलेले.”

मी लाच देऊ केली. त्याने ती घेतली, पावती दिली आणि रांगेच्या शेवटी जायला सांगितलं. मी डीएमला म्हणाले, अरे, लाचेची पावती कोण देतं? तो म्हणाला, “अगं, प्रामाणिक माणूस आहे तो.”

परत खिडकीशी पोचले तर साहेब जेवायला गेलेले. तेवढ्यात डीएमने आमच्या विझार्डकडे चिठ्ठी सरकवली. संशय होताच, म्हणून विझार्ड ‘सी इनव्हिजिबिलिटी’ (अदृश्य ते दिसायचा मंत्र) टाकून उभा होता. त्याने चिठ्ठी वाचली आणि चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. “तुझ्या डाव्या खांद्यामागे मुठीएवढा चमकता गोळा तरंगतोय.”

मी खोट्या नावावर एवढे फासे टाकले आणि शत्रू माझ्या खांद्यावरून अर्ज वाचत होता. ‘प्रयोजन: नॉनडिटेक्शन’. स्क्राइंग दहा मिनिटं टिकतं. त्या दहा मिनिटांत कारकुनाने दौतीचं झाकण शोधलं.

पण त्या गोळ्याने एक कामाची गोष्ट शिकवली. स्क्राइंग पाचव्या लेव्हलचा मंत्र आहे. डीसीवरून आम्ही ताडलं की हा नवव्या लेव्हलचा विझार्ड, म्हणजे त्या लेव्हलचा स्लॉट (मंत्र टाकायची संधी) त्याच्याकडे एकच. गोळा दिसून गेला की निदान तासभर आपण मोकळे, कारण तासाभराच्या विश्रांतीनंतर ‘आर्केन रिकव्हरी’ने विझार्डला तो स्लॉट दिवसातून एकदा परत मिळवता येतो. वाट बदलायची ती तेव्हाच, आदल्या रात्री ठरवून उपयोग नाही. आम्ही रांग सोडली आणि तडक सावकाराच्या दुकानात गेलो.

तिथे हिऱ्याची अंगठी मिळाली, 400 नाण्यांना, नोंद नाही की साक्षीदार नाही. ही दळली की 400ची पूड, म्हणजे सोळा वेळचं काम! डीएम म्हणाला, दळलेल्या हिऱ्याला अख्ख्याचा भाव कुठून येणार? यावर जो वाद झाला त्यात चहा दोनदा गार झाला. शेवटी निम्म्यावर तुटलं. आठ वेळचं भागलं, पण ते मला आजही पटलेलं नाही. अख्ख्या अंगठीवर बिनबोभाट खर्च करायला मिळालं याचं समाधान तेवढं आहे.

पूड पुरवायची कशी, तर चौघांवर मंत्र टाकायच्या फंदात पडू नका. चौघांना दिवसभर झाकायचं तर बारा स्लॉट आणि 300 नाणी लागतात, सातव्या लेव्हलच्या विझार्डकडे तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट तीन. ज्याचे केस गेलेत त्यालाच झाका: जागेपणी दोनदा. रात्रीसाठी चौथ्या लेव्हलचं ‘प्रायव्हेट सँक्टम’ बघा. चोवीस तास, आत स्क्राइंगचा गोळा उगवूच शकत नाही, आणि लागतं काय, तर शिशाचा पातळ पत्रा, अपारदर्शक काच, कापसाचा बोळा, क्रिसोलाइटची पूड. यातल्या कशालाच ठरावीक किंमत नाही, सगळं कंपोनंट पाऊचमध्ये असतं. फक्त ते जागचं हलत नाही. पॅलडिन (धर्मयोद्धा) सहाव्या किंवा वरच्या लेव्हलचा असेल तर त्याच्या दहा फुटांत राहा, त्याच्या करिश्माचा बोनस सेव्हमध्ये मिळतो. केस गेले असतील तर मात्र त्यानेही भागत नाही.

हां, वही विसरलेच होते. चोरलेली वस्तू शोधायला ‘लोकेट ऑब्जेक्ट’ असतं, ते शिशाच्या पातळ पत्र्यालाही अडतं. शिशाचं अस्तर लावलेली पेटी घ्या आणि विषय संपवा.

आणि तो अगदी जवळ आला असेल, हजार फुटांच्या आत, तर ‘लोकेट क्रीचर’ टाकेल. मध्ये दहा फूट रुंद वाहतं पाणी असलं की तो मंत्र अडतो, म्हणून आम्ही मुक्काम ओढ्यापलीकडे टाकतो. परवा डीएम विचारत होता, उन्हाळ्यात त्या ओढ्याला पाणी किती असतं. मी म्हटलं, नकाशा काढलास तेव्हा निळी रेघ केवढी काढली होतीस ते बघ, आणि पट्टी लावून मोजून दिली.